चौदावा प्रश्न

पहिल्यापासून सांगते, कारण मधूनच सुरुवात केली तर तुमचाही गोंधळ होईल आणि माझाही. एकवीस वर्षं महापालिकेच्या शाळेत शिकवलं, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय हे सरळ लावून घेतल्याशिवाय मला बोलताच येत नाही. माझं नाव कमल, माहेरची जाधव, सासरची कांबळे. जन्म पुण्यातलाच, स्वारगेटच्या मागच्या बाजूला तेव्हा वस्ती होती तिथला. वडील एसटीच्या वर्कशॉपला होते, आम्ही त्यांना दादा म्हणायचो. आई सासवडच्या पलीकडच्या खेड्यातली, सखू तिचं नाव. धम्मदीक्षेच्या वर्षी मी तीन वर्षांची होते, म्हणजे मला काही आठवण नाही, पण आई सांगायची की तू माझ्या कडेवर होतीस आणि सगळे म्हणत होते ते तूही बोबडं बोबडं म्हणत होतीस. ही आठवण तिची आहे, माझी नाही. पण इतक्यांदा ऐकली की आता माझीच वाटते.

मी नऊ वर्षांची असताना आई गेली. गेली म्हणजे काय, ते नीट सांगते. तिच्या हातावर आणि कानाच्या पाळीवर चट्टे आले होते, बोटांना भाजलेलं कळायचं नाही, तवा तसाच उचलायची आणि मग फोड बघून म्हणायची, अगं बाई, हे कधी झालं. वस्तीत कुजबुज सुरू झाली. आमची आत्या घरात होती, ती दादांना म्हणाली, घरातली पोर उद्या लग्नाची होईल, आत्ताच काय ते कर. एके दिवशी मी शाळेतून आले तर आई नव्हती. आत्या म्हणाली, माहेरी गेली. पंधरा दिवसांनी म्हणाली, माहेरी वारली. मग आमच्याकडे पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पांढरी वस्त्रं नेसून बायका आल्या, आईचा एकुलता एक फोटो पाटावर ठेवला आणि त्याच्यापुढची मेणबत्ती माझ्या हातून लावली. दादा भिंतीला टेकून बसले होते, त्यांनी हात जोडले नाहीत. लहान मुलाच्या डोळ्यांना असल्या गोष्टी बरोबर दिसतात, अर्थ मात्र लागत नाही. मला वाटलं, दादांना फार दुःख झालंय म्हणून हात जोडले नाहीत.

काय सांगू तुम्हाला, दादा जाईपर्यंत मला खरं कळलं नाही. त्या वेळी मी शिक्षिका होऊन पुष्कळ वर्षं झाली होती, माझा प्रशांत चौथीत होता. दादांना ससूनमध्ये ठेवलं होतं, दुपारची वेळ, बाकी कोणी नव्हतं, तेव्हा ते म्हणाले, कमल, तुझी आई मेली नव्हती, मी तिला गावाबाहेरच्या महारोग्यांच्या दवाखान्याच्या फाटकात सोडून आलो. तीच म्हणाली होती, आता मागं बघू नका. मी विचारलं, मग पुढे? तर म्हणाले, मी बघितलं नाही. एवढंच. तिसऱ्या दिवशी दादा गेले.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण शिकलेली माणसंसुद्धा चुकतात. हा आजार हात लावल्याने लागत नाही. आता त्याची औषधं आहेत, ती वेळेवर सुरू केली की रोग बरा होतो आणि दुसऱ्याला लागण होण्याचा प्रश्नही उरत नाही. नसा मात्र एकदा गेल्या की परत येत नाहीत, त्यामुळे बोटं वाकतात, जखमा होतात, आणि लोक त्या जखमेलाच रोग समजतात. म्हणजे रोग जातो आणि खूण राहते, आणि माणसाला घराबाहेर ठेवतात ते त्या खुणेसाठी. हे मी पुढे शेकडो लोकांना समजावून सांगितलं. माझ्या नवव्या वर्षी आत्याला समजावून सांगणारं कोणी नव्हतं.

दादा गेल्यावर मी रविवारी शोधायला जायला लागले. त्या दवाखान्यातून बरी झालेली माणसं ज्या वसाहतींत राहायला जात, तशा तीन वसाहती मला कळल्या होत्या. मी जायची आणि फाटकापासून परत यायची. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटायची. रोगाची नव्हे, आई सापडली तर पुढे काय करायचं याची. घर आमचं एका खोलीचं, त्यात सासूबाई, यजमान, प्रशांत. सासरी सांगितलं होतं, मुलीची आई लहानपणीच वारली.

मग गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे टेलिफोन बूथ झाले ना, त्या सुमाराला मला कळलं की अशीच एक वसाहत चालवणाऱ्या संस्थेला एक शिकलेली बाई हवी आहे, कार्यकर्ती म्हणून. मी शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. यजमान म्हणाले, कायमची नोकरी सोडून हे कसलं खूळ? मी म्हटलं, समाजाचं काम आहे. ते म्हणाले, समाजाचं काम शाळेत नव्हतं का? मुद्दा बरोबर होता.

आता संस्थेची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं त्या पद्धतीवरच अवलंबून आहे. ज्यांना जगात कोणीच नाही अशांनाच वसाहतीत खोली द्यायची, असा नियम होता. नियम वाईट नव्हता, खोल्या साठ आणि मागणारे किती तरी. म्हणून दरवर्षी पाहणी व्हायची. कार्यकर्तीने प्रत्येक खोलीत जायचं, दोन रहिवासी साक्षीला घ्यायचे, बावीस प्रश्न मोठ्यांदा विचारायचे आणि उत्तर रहिवाशाच्याच शब्दांत तक्त्यात लिहायचं. नाव, गाव, औषधं, जखमा, चपला आहेत का, छप्पर गळतं का. चौदावा प्रश्न होता, नातेवाईक कोणी आहेत का? आणि आणखी एक नियम, संस्थेच्या नोकरांचं कोणी वसाहतीत राहत असता कामा नये. यावर मी रुजू होताना वाचून सही केली होती.

पहिल्या वर्षीची पाहणी मी रुजू होण्याआधीच झाली होती आणि तोवर माझं काम कचेरीतच होतं, त्यामुळे दुसऱ्या वर्षीच्या पाहणीत मी पहिल्यांदा एकेचाळीस नंबरच्या खोलीत गेले. माझ्याबरोबर मेहबूबभाई होते. हे वसाहतीचे पंच, पूर्वी भवानी पेठेत यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं, बोटं गेल्यावर दुकान गेलं, पण वेळ अजून सगळ्यांना तेच सांगायचे. दारात एक वाळलेली बाई लसूण सोलत बसली होती, दोन्ही मनगटांच्या मध्ये पाकळी धरून. मी विचारलं, नाव? सखू जाधव. गाव? तिने सासवडच्या पलीकडचं ते गाव सांगितलं. मालक काय करायचे? एसटीत होते, वर्कशॉपला. माझ्या हातातलं पेन थांबलं. मेहबूबभाई म्हणाले, शाई संपली का बाई? मी म्हटलं, नाही. मग पुढचं विचारा की, अजून एकोणीस खोल्या आहेत. मी पुढचे प्रश्न विचारले, सगळे, क्रमाने. चौदावा आला. नातेवाईक कोणी आहेत का? ती म्हणाली, कोनी न्हाई. मी लिहिलं, कोणी नाही. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. त्या दिवशीचं तेवढं एक अक्षर मी पुन्हा कधी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले आणि तिला सांगितलं, मी कमल. ती लसणाची टोपली बाजूला ठेवेना. माझं तोंड तेवढं नीट बघून घेतलं. मग विचारलं, लगीन झालं का? मी म्हटलं, झालं. पोरंबाळं? एक मुलगा. सासू हाय? आहे. मग म्हणाली, मंग मला वळखू नगंस. मी रडायला लागले तर दटावून म्हणाली, गप, भिंतीला कान हायती, पलीकडं शांता हाय, ती गावभर करंल. मग म्हणाली, तुझे वडील? मी सांगितलं, गेले. ती म्हणाली, बरं. आणि लसूण सोलायला लागली.

तिने मला ओळख दाखवू नकोस म्हटलं आणि मी ऐकलं. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगते आहे, गाळू नका. मी फार लवकर ऐकलं. आपली खोली जाईल म्हणून ती तसं म्हणते आहे अशी मी स्वतःची समजूत घातली, आणि ती समजूत माझ्या सोयीची होती.

तेरा वर्षं. तेरा पाहण्या. बाकीच्या दिवसांत मी वसाहतीत जायची तेव्हा सगळ्यांना असते तशीच तिलाही मी कार्यकर्तीबाई. जखमेची पट्टी बघायची तर बघायची, पण तिच्या पायाला मी दुसऱ्यांच्यापेक्षा एक मिनिटसुद्धा जास्त दिलं नाही, कारण कोणी बोट ठेवायला नको. ती मला अहो बाई म्हणायची. माझी आई मला अहो म्हणायची. एखादे वेळी कोणी नाही असं बघून हळूच विचारायची, पोरगं कितवीला गेलं? मी सांगायची. प्रशांत इंजिनिअर झाला तेव्हा म्हणाली, म्हंजी काय करतो? मी म्हटलं, हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. ती म्हणाली, हिंजवडीत तर आमच्या वक्ताला नुसती करडई व्हायची.

आणि वर्षातून एकदा, दोन साक्षीदारांपुढे, चौदावा प्रश्न. आवाज स्थिर ठेवून विचारायचा. तीही शांतपणे सांगायची, कोनी न्हाई. यजमान गेले त्या वर्षी मी पांढऱ्या कपाळाने पाहणीला गेले, तिने माझ्याकडे बघितलं आणि उत्तर द्यायला जरा वेळ लावला. मेहबूबभाई म्हणाले, बाई, दरसाल तेच विचारता, या साठ माणसांना मागच्या वर्षात नवे नातेवाईक कुठून फुटणार? एखाद्या साली सोडून द्या की चौदावा. मी म्हटलं, पद्धत आहे. ते म्हणाले, पद्धत आहे, पद्धत आहे, आमचं बंद घड्याळसुद्धा तुमच्यापेक्षा बरं, ते दिवसातून दोनदा तरी खरं बोलतं. मला तेव्हा वाटलं, थट्टा करतात.

या तेरा वर्षांत शहर आमच्यापर्यंत चालत आलं. आधी वसाहतीच्या पुढे मैलभर काही नव्हतं, म्हणूनच तर वसाहत तिथे होती. मग रस्ता रुंद झाला, काचेच्या इमारती आल्या, कंपन्यांच्या बसगाड्या आमच्या फाटकासमोर थांबायला लागल्या. गळ्यात ओळखपत्राचे पट्टे घातलेली मुलं-मुली उतरायची आणि पाटी वाचली की पुढच्या झाडाखाली जाऊन उभी राहायची. एका शनिवारी एका कंपनीची चाळीस मुलं सारख्या बनियनी घालून भिंती रंगवायला आली. चांगली होती मुलं, मनापासून रंगवलं त्यांनी. पण निघताना प्रत्येकाने फोटो काढला, आणि मेहबूबभाई म्हणाले, काढा काढा, बोटं आली नाहीत फोटोत तर कुरकुर करू नका, कॅमेऱ्याचा दोष नाही तो.

अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर मी निवृत्त झाले. माझ्या जागी मुग्धा नावाची मुलगी आली, समाजकार्याची पदवी घेतलेली, लॅपटॉपवर तक्ता भरणारी. मी तिला आठ दिवस सगळं शिकवलं आणि घरी बसले. तोपर्यंत प्रशांतने कात्रजच्या बाजूला नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता, सासूबाईही गेल्या होत्या, तो, सूनबाई आणि मी, तिघंच. महिन्याभरात पाहणी होती. त्या दुपारी मुग्धाचा फोन आला, मॅडम, एक प्रॉब्लेम झालाय. एकेचाळीस नंबरच्या आजी म्हणतायत, मला एक लेक आहे. मी म्हटलं, काय म्हणाल्या? ती म्हणाली, चौदाव्या प्रश्नाला त्या म्हणाल्या, हाय की, एक लेक हाय, कमल, तुमच्या आधी हिथं बाई होती ती. मी आजींना म्हटलं, तुमचा गोंधळ होतोय. तर म्हणाल्या, माझा व्हत न्हाई, तुझा व्हतोय, तू लिव.

मी तशीच रिक्षा करून गेले. म्हटलं, आई, हे काय केलंस, आता खोली जाईल. तेरा वर्षांत मी पहिल्यांदा तिला त्या उंबऱ्यात आई म्हणाले. ती म्हणाली, खोलीचं कोन म्हनतंय? खोलीपायी गप व्हते व्हय मी? तुझी नोकरी गेली असती. आता तू कुनाची नोकर न्हाईस, म्हनून बोलले. आता बोल काय बोलतेस ते.

समजलं ना तुम्हाला? तेरा वर्षं मी समजत होते, ती स्वतःची खोली राखते आहे आणि मी तिला मदत करते आहे. उत्तर मी दरवर्षी स्वतःच्या हाताने लिहीत होते आणि तेच मला चुकीचं कळलं होतं. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी म्हटलं असतं, प्रश्न पुन्हा वाच.

संस्थेचे सचिव सभ्य गृहस्थ. म्हणाले, कमलताई, तुम्ही हे इतकी वर्षं लपवलंत याचं मला वाईट वाटतं, पण ते राहू द्या. एवढंच लिहून द्या, या बाई तुमच्या आई आहेत की नाहीत. नाही म्हणालात तर वयामुळे त्या बोलल्या असं आम्ही धरू, खोली राहील. आहेत म्हणालात तर तीन महिन्यांत खोली मोकळी करावी लागेल. त्यांनी कागद पुढे केला. मी लिहिलं, सखू जाधव ही माझी आई आहे. आणि खाली सही केली, पूर्ण नावाने.

आई घरी आली. त्या दिवसाचं मी काय वर्णन करू? प्रशांतला मी आदल्या रात्री सगळं सांगितलं होतं, तो एवढंच म्हणाला, तेरा वर्षं, आई? मला तरी सांगायचंस. पण फाटकातून त्याने तिला उचलून गाडीत बसवलं आणि लिफ्टमधून उचलूनच आत आणलं. ती म्हणाली, अरं सोड, मला पाय हायती. पन्नास वर्षांनी मी आईच्या शेजारी झोपले. तिच्या अंगाला लसणाचा वास होता, तो लहानपणी होता की नव्हता ते मला आठवेना, मी उगीच म्हटलं, होता.

पहिले दोन महिने फार सुखाचे गेले. मी तिचं वेळापत्रक केलं, सकाळी पाय भिजवणं, मग तेल, मग न्याहारी, दुपारी सावलीत खुर्ची. तिच्या बोटांना गरम कळत नाही म्हणून मी लक्ष्मी रोडवर चार दुकानं हिंडून लाकडी मुठीचा जाड पेला आणला. वसाहतीत सगळ्यांकडे तसेच असतात, साध्या कपाने भाजतं आणि कळतही नाही. तो फुटू नये, कामवालीच्या हाती लागू नये म्हणून मी बाकीच्या कपांत न ठेवता खिडकीशी एका खुंटीला लावून ठेवायची. धुवायचीही मीच. हळूहळू आई चहा अर्धा टाकायला लागली. मग म्हणाली, मला चहा सोसत न्हाई. मग जेवणही कमी झालं. खुर्चीत बसून खालच्या रस्त्याकडे बघायची, आणि नावं घ्यायची, शांताचं औषध संपलं आसंल, मेहबूबभाईला आता कोन भाकरी मोडून देतंय. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही.

एके दिवशी मेहबूबभाईंचा फोन आला. मोबाईल एव्हाना त्यांच्याकडेही आला होता, अंगठ्याच्या पेराने बटणं दाबायचे. म्हणाले, बाई, रागावणार नसाल तर एक बोलतो. सखूशी काल फोनवर माझं बोलणं झालं. मी विचारलं, लेकीकडे कसं आहे? म्हणाली, समदं ब्येस हाय, नातू द्येव हाय, फकस्त लेकीनं माझा पेला वेगळा ठिवलाय.

 तुम्ही तरुण आहात, तुम्हाला कदाचित सांगावं लागेल. आईच्या लहानपणी तिच्या गावच्या हॉटेलात आमच्या लोकांसाठी दांडी तुटलेले कप वळचणीला खोचून ठेवलेले असत. आपणच काढायचा, आपणच धुवायचा, वरून चहा ओतला जायचा, पिऊन परत वळचणीला. धम्म घेतल्यावर आईने पहिली गोष्ट कुठली केली तर त्या हॉटेलची पायरी सोडली, हे ती अभिमानाने सांगायची. आणि मी, तिची शिकलेली लेक, जिने गावोगाव भेदभाव करू नका म्हणून व्याख्यानं दिली, तिने आईचा पेला वेगळ्या खुंटीला टांगला, वेगळा धुतला, आणि का, ते तिला सांगायचं राहून गेलं. वसाहतीत कधी सांगावं लागलं नव्हतं. तिथे सगळ्यांचेच तसे होते.

मी तिच्या पायाशी बसून सगळं सांगितलं, पेला का आणला, का वेगळा ठेवला. त्याच संध्याकाळी प्रशांत तसलेच आणखी तीन घेऊन आला. आईने ऐकून घेतलं, माझ्या डोक्यावरून मनगट फिरवलं आणि म्हणाली, कळलं गं मला. तुझ्या मनात तसलं न्हाई, हे मला आधीबी ठावं व्हतं. पर कमल, मला पोचीव. मी म्हटलं, आई, आता तर सगळं स्पष्ट झालं ना? ती म्हणाली, पेल्याचं न्हाई. हिथं मी तुझी आई हाय, ह्याची आजी हाय, समदी मला जपत्याती. तिथं मी सखू हाय. शांता माझ्याशी भांडती. हिथं माझ्याशी कोन भांडतंय?

 मी भांडू शकत नव्हते. पन्नास वर्षं वाट बघितलेल्या माणसाशी कसं भांडणार?

मग मी संस्थेला अर्ज लिहिला, चार पानी, मुद्देसूद. नातेवाईक असणं आणि घर असणं या दोन भिन्न बाबी आहेत, आणि जिथे माणसाने चाळीसाहून अधिक वर्षं काढली ते त्याचं घर मानावं, असं त्यात मांडलं. सचिव म्हणाले, ताई, तुमचं पटतं, पण एकेचाळीसमध्ये नव्या बाई आल्या, त्यांना खरंच कोणी नाही. ते खरं होतं. तेव्हा मेहबूबभाईंनी तोड काढली. म्हणाले, नियमात खोली द्यायची नाही असं आहे, पाहुणा ठेवायचा नाही असं कुठे आहे? शांताची पाहुणी म्हणून राहू दे. सचिवांनी विचारलं, किती दिवस? मेहबूबभाई म्हणाले, पाहुण्याला असं विचारत नाहीत साहेब. पुढे बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाले, आम्हाला दुसऱ्या वर्षापासून ठाऊक होतं बाई, तुमचं पेन कुणाच्या दारात थांबलं ते मी बघितलं होतं. म्हणून तर म्हणायचो, सोडा तो चौदावा.

झाली चार वर्षं या गोष्टीला. आई तिथेच आहे, शांताच्या खोलीत, दोघी सकाळपासून भांडतात. पाहणीच्या तक्त्यात ती आता नाही, कारण पाहुण्यांची पाहणी होत नाही. मी दर रविवारी जाते. ती मला सगळ्यांपुढे अगं कमल म्हणते, आणि आवाज चांगला मोठा लावते, शांता ऐकेल असा.

मागच्या उन्हाळ्यात प्रशांतला कंपनीने परदेशी पाठवलं, दोघंही गेली. चल म्हणत होता, मी नाही म्हटलं. नवव्या मजल्यावर मी एकटी. आईला पुन्हा विचारलं, आता तरी येतेस? आता घरात जपणारं कोणी नाही, मी एकटीच आहे, भांडायला सुद्धा शिकेन. ती म्हणाली, तू हिथं ये की. मी म्हटलं, येते, मेहबूबभाई, माझा अर्ज घेता का? ते म्हणाले, औषधं, जखमा, काही आहे का? मी म्हटलं, काही नाही. ते म्हणाले, मग अवघड आहे बाई. आणि आई एवढी हसली की ठसकाच लागला. म्हणाली, दोन्ही हात धड, पाय धड, तुला हिथं कोन घेनार? शांता हसली, मीही हसले. हसता हसता मला वाटलं, खरंच घेतलं असतं तर किती बरं झालं असतं. हे बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण बोलले.

तिचंही आता वय झालं आहे, ऐंशी उलटली. मला तिच्याजवळ राहायचं होतं, ते राहून गेलं. आठवड्यातले तीन तास मिळतात, त्यात मी समाधान मानायला शिकते आहे, हळू शिकते आहे. तुम्ही हे सगळं ऐकून घेतलंत, तुमचं भलं होवो. आता उठते, आज रविवार आहे, कात्रजहून बस लवकर मिळत नाही. मेहबूबभाई सांगतात, रविवारी ती आठ वाजल्यापासूनच फाटकापाशी येऊन बसते. मी पोचते अकराला. विचारलं तर म्हणते, आत्ताच आले, जरा उन्हाला बसले व्हते.